फाटकाजवळची पहिली जागा

बाबा, बोईसर स्टेशनासमोरचं आवार आता तुम्हाला ओळखता येणार नाही, आणि त्याला थोडीफार मी कारण आहे. तारापूरच्या किनाऱ्यावर वीजघराचं मोठं काम चालू आहे. त्याचं सिमेंट आणि लोखंड रेल्वेने बोईसरला उतरतं आणि ट्रकांनी पुढे जातं. जिथे आठ-दहा टांगे आणि दोन-चार बैलगाड्या असत, तिथे एका सकाळी मी चौदा ट्रक मोजले. कोणी कुठे उभं राहायचं, कुठून आत यायचं, कुठून बाहेर पडायचं याचे नियम करायचं ठरलं आणि त्यांचा नकाशा काढायचं काम पालघरच्या आमच्या कचेरीकडे आलं. मी तिथे ड्राफ्ट्समन आहे. बाईसाठी हुद्द्याचं नाव बदललेलं नाही. मला ते बरं वाटतं.

तुमच्या वेळचे नियम कुठेच लिहिलेले नव्हते. जो आधी येईल तो पुढे. आगगाडी यायच्या वेळी घोड्याचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे इंजिन बघून तो बुजत नाही. तोंडाला चंदीचा तोबरा बांधलेला घोडा रांगेच्या बाहेर. आणि फलाटावर जायच्या फाटकाला लागून असलेली पहिली जागा कायम रिकामी. तिथे चुन्याने रंगवलेला एक दगड होता. रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली तरी त्या दगडापुढे कोणी चाक नेत नसे. ती आजाऱ्याची जागा. किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून किंवा आतल्या पाड्यांवरून कोणाला खाटेवर घालून आणलं, तर ती गाडी थेट फाटकाशी लागावी आणि खाट चार पावलांत फलाटावर जावी, एवढ्यासाठी.

मी नऊ वर्षांची असताना एकदा तुमचा डबा घेऊन आले होते. गाडीला उशीर होता, तुम्ही पलीकडे बोलत उभे होता आणि आपली घोडी उन्हात होती. चिंचेची सावली नेमकी त्या रिकाम्या जागेवर पडलेली. मी वर चढले, लगाम घेतले आणि टांगा तिथे नेऊन उभा केला. तुमचे सोबती हसायला लागले. "अरे, पोर टांगा हाकते, तू घरी जा भाकऱ्या भाजायला!" तुम्ही हसला नाहीत. "उतर," म्हणालात. मी म्हणाले, "रिकामी तर होती." "रिकामी हाय म्हनून आपली होत नाय." मग तुम्ही मला टांगा मागे न्यायला लावलात. घोडीला मागे सरकायला आवडत नाही. ती मान झटकते, चाकं वाकडी होतात, पुन्हा पुढे घेऊन सरळ करावी लागतात. मी लगामाला लोंबकळत होते, रडत होते, आणि तुम्ही हाताची घडी घालून उभे होता. टांगा रांगेत परत लागेपर्यंत हसणारे सगळे आपापल्या घोड्यांकडे वळले होते. पुढच्या आठवड्यात तुम्ही पालघरच्या बाजारातून माझ्यासाठी घडीची लाकडी मोजपट्टी आणलीत. "टांगा किती लांब हाय ते मोज आधी. मग हाक." मी टांगा मोजला, घोडी मोजली, आणि तुमचा जोडाही मोजला.

त्या जागेवर लागलेली एकच गाडी मला नीट आठवते. तुमचा ताप उतरत नव्हता, आणि मुंबईच्या इस्पितळात न्यायचं म्हणून काकांनी त्यांच्या टांग्यातून तुम्हाला आणलं. काका म्हणजे तुमचे रांगेतले सोबती, डाव्या अंगठ्याचं पेर नसलेले. मी तुमच्या पायांशी बसले होते. दगड ओलांडून टांगा आत लागला, तेव्हा तुम्ही मान उचलून म्हणालात, "घोड्याचं तोंड फिरव." काका म्हणाले, "गप ऱ्हा. मरायला टेकला तरी मला शिकवतो." तुम्ही थोडं हसलात. तुम्ही परत आला नाहीत. याला बारा वर्षं झाली. आई आणि मी पालघरला मामाकडे आलो, मामाने मला शिकवलं, मुंबईच्या वसतिगृहात राहून मी पदविका घेतली.

कचेरीत कोणी विचारलं तर मी सांगते, वडील वाहतुकीच्या धंद्यात होते. हे खोटं नाही. मी अशी वाक्यं निवडते. कामाला सगळी मापं आता मीटरमध्ये लागतात, तरी तुमची फुटांची पट्टी टेबलावर असते. एक सांधा निखळला होता, तो तुम्ही तांब्याच्या तारेने बांधला होता. तार तशीच आहे. एकाने विचारलं, ही कुठली? मी म्हणाले, मुंबईला घेतली. ते मात्र खोटं होतं.

आवाराची पाहणी मी दोन दिवस केली. दगडावरचा चुना गेला होता, पण टांगे अजून त्याच्या मागेच थांबत होते. नकाशात मी टांग्यांना चिंचेच्या पलीकडे जागा दिली आणि फाटकाजवळची पहिली जागा ट्रकांना, कारण मालधक्क्याला तीच सगळ्यात जवळ. नकाशा मंजूर झाला, दगड काढला, बोर्ड लागला.

दीड महिन्याने काका आमच्या कचेरीत आले. केस पूर्ण पांढरे. ते साहेबांच्या टेबलापुढे उभे राहून बोलत होते, मी चार हातांवर होते.

"दांडीची पोर होती, सायेब. कळांचा तिसरा दिस. सुईनीनं हात टेकले. मी घोडा पळवत आनला, तर फाटकावर ट्रक उभा. डायवर जेवाय गेलेला. त्याला हुडकून आनला तर तो बोर्ड दाखवतो. चाचा, पढ़ लो, ट्रक लिखा है. मला कुठं वाचता येतं? पन लिवलेलं हाय ते खरंच ना. त्याची काय चूक? खाट मधनं जाय ना. लांबनं फिरवून नेली तवर गाडी सुटली."

पुढची गाडी अडीच तासांनी होती. बाई वाचली. मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणली असती तर कदाचित जगलं असतं. त्या कदाचितचं माप कसं घ्यायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

साहेबांनी विचारलं, "पण ती जागा मोकळी ठेवायची, हे लिहिलं होतं कुठे?"

"लिवायला कशाला पायजे? समद्यांना ठाव होतं."

मग काका वळले आणि त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली. पट्टीवर. तारेवर. ते जवळ आले, माझ्याकडे पाहत राहिले आणि हळू म्हणाले, "तू त्याची पोर ना ग?"

मी म्हणाले, "आपण कोण? मी ओळखलं नाही."

त्यांनी अंगठ्याचं पेर नसलेला हात पाठीमागे घेतला. साहेबांना म्हणाले, "चुकलं माजं. बाईसायेब हायत त्या." आणि गेले.

मी नकाशा बदलला. फाटकाजवळ तीन मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा, रुग्णाच्या वाहनासाठी राखीव, इतर वाहनांना मनाई. साहेबांनी विचारलं, हे आधी का नव्हतं? मी म्हणाले, पाहणीत राहून गेलं. ते म्हणाले, होतं असं, आणि सही केली. नवा बोर्ड लागला आहे. त्यावर अक्षरांखाली मी खाटेचं चित्र काढून दिलं, वाचता न येणाऱ्यांसाठी.

पाहणीत काही राहून गेलं नव्हतं, बाबा. पहिल्याच दिवशी ती जागा मी तुमच्या पट्टीने मोजली होती आणि वहीत पेन्सिलने लिहिलं होतं, आजाऱ्याची जागा. मग मनात आलं, साहेब विचारतील, तुम्हाला कसं माहीत? ते उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी रबर घेतलं आणि पुसलं. पान उजेडासमोर धरलं तर अक्षरं अजून दिसतात.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. ज्यांना पोचू शकेल ते काका आहेत, आणि त्यांना वाचता येत नाही. म्हणजे समोर जाऊन सांगावं लागेल. पालघरहून बोईसरला जाताना मध्ये फक्त उमरोळी हे एक स्टेशन लागतं. मी अजून गेलेले नाही.