रसाच्या दारातून गेलेली संत्री

अमरावती

ती. खुशालमामांस,

दामिनीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामीची शुगर आणि बगिचा (याच क्रमानं विचार, असं आईनं बजावलंय) बरे असतील, अशी आशा. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

मोर्शीच्या ग्रेडिंग यंत्राचा प्रोग्राम आमच्या ऑफिसचा. संत्र्याचं माप घेतलं की तीन दारांपैकी योग्य दार उघडायचं काम मात्र यंत्र बनवणाऱ्या अकोल्याच्या कारखान्यानं दिलेल्या लायब्ररीचं. (पुस्तकांची नव्हे मामा, तयार फंक्शनांची फाईल.) आमचा प्रोग्राम चालू झाला की ती उघडतो, हवं ते फंक्शन नावानं शोधतो, सापडलं नाही तर बोंबलतो. प्रत्येक दारासाठी त्याच त्या ओळी पुन्हा लिहिलेल्या. मला पाहवेना. सगळ्या पुसून मी एकच टेम्प्लेट, म्हणजे साचा, केला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच थांबायचं होतं! पण सापडलेल्या फंक्शनाचा पत्ता साच्यानं जपून ठेवावा, म्हणजे पुन्हा शोधाशोध नको, ही आणखी हुशारी सुचली. तिन्ही दारांची फंक्शनं एकाच घडणीची, त्यामुळे साच्याला ती एकच वाटली. पहिल्याचा पत्ता त्यानं तिघांनाही दिला. आणि पहिलं दार बारीक, रसाच्या मालाचं.

भाचीच्या कौतुकापोटी पहिला माल तुम्ही आणलात. मोठी, देखणी फळं रसाच्या ट्रॉलीत धडाधड आपटून फुटत होती आणि मी "मशीन चुकत नाही" सांगत होते. तुम्ही पट्ट्यावरचं एक फळ उचलून माझ्यापुढं धरलंत. "पोरी, हे तुले बारीक दिसून राहिलं काय?"

मी यंत्र बंद करेपर्यंत ट्रॉली भरली होती. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "चाल, मामीनं डबा देला तुयासाठी." डबा मी संपवला, पण मान वर करवली नाही.

आता साचा प्रत्येक पत्ता नावानिशी ठेवतो. तुमचा माल मात्र परत येत नाही. चुकलं मामा.

तुमची,
दामिनी

ता. क. दुरुस्तीची चाचणी घ्यायची आहे आणि तालुक्यात कोणी आम्हाला संत्री देत नाही. दोन क्रेट मिळतील का? लहान-मोठी मिसळून.

आणखी ता. क. रसवाल्यानं तुमच्या मालाचा रस ऑफिसात पाठवला होता. सगळे वाहवा करत होते. मी दोन ग्लास प्याले आणि संडासात जाऊन रडले.