ताईला भेटायला कोणता व्हिसा लागतो

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून, उठायला जरा वेळ लागतो.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण भाचीने फोनवर सगळं सांगितलंय. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि ‘मामाला कळवू नकोस’ असं तू तिला बजावलंयस. तिने लगेच कळवलं. गुणाची पोर आहे. इकडे सगळं ठीक. ही मजेत आहे, म्हणजे दिवसातून दोनदाच माझ्यावर चिडते.

सात वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम पत्र, म्हणून दचकू नकोस. ऑपरेशनच्या वेळी तुझ्याजवळ असावं असं वाटलं, एवढंच. पण तिकडे यायला व्हिसा लागतो, आणि थोड्या दिवसांच्या व्हिसातही दुकानातल्या ताग्यांइतके प्रकार असतात, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. समजावलं ते कोपऱ्यावरच्या एजंटाने. (त्याला सगळे ‘अजून एक कागद’ म्हणतात. त्याच्या पँटा मीच शिवतो, म्हणून त्याला मला टाळता आलं नाही.) तो म्हणाला, “काका, तिकडे कुणी नातेवाईक असेल तर कुटुंबभेटीचा व्हिसा काढा. त्यांच्याकडून फक्त निमंत्रणपत्र मागवा.” मी म्हटलं, नातेवाईक आहे, पण तो प्रकार राहू दे, दुसरं काही दाखव.

मग त्याने पर्यटनाचा काढला. त्यात रोज कुठे हिंडणार ते लिहून द्यावं लागतं. मी बारा दिवसांचा बेत लिहिला: मुक्काम तुझ्या हॉस्पिटलसमोरच्या हॉटेलात, आणि बघण्याची ठिकाणं म्हणून ते हॉस्पिटल. एजंटाने मध्ये दोन म्युझियम आणि एक तलाव घुसडला. इथवर ठीक होतं. पण दिवसांचा आकडा मी स्वतः भरला, तिथे हाताची सवय नडली. कापड धुतल्यावर आटतं, म्हणून जन्मभर जास्तच धरत आलो. बाराच्या जागी नव्वद लिहिले. साहेब लोक कापणारच, कापून बारा तरी उरतील. फोटोही तसाच, चारी बाजूंनी शिलाईपुरतं अर्धं बोट सोडून कापला. व्हिसा ऑफिसच्या खिडकीतली बाई म्हणाली, हा चौकटीत बसत नाही. मी म्हटलं, आत दुमडून घ्या. तिने ड्रॉवरमधून कात्री काढली.

अर्ज नामंजूर झाला. कारण असं की बारा दिवसांच्या सहलीला नव्वद दिवस मागणारा हा इसम परत जाईल याची खात्री वाटत नाही. जो तुला निरोप द्यायला विमानतळापर्यंतसुद्धा आला नाही, तो म्हणे परदेशात ठाण मांडून बसणार.

पुढे व्यवसायाचा व्हिसा. मी म्हटलं, बटणं बघायला जातोय असं लिही. त्याला तिकडच्या कंपनीचं पत्र लागतं. कुठली कंपनी, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हॉस्पिटलच्या जवळपास जी असेल ती. त्याने पेन खाली ठेवलं. शेवटी उरला वाटेवरचा, म्हणजे पुढे तिसऱ्याच देशात जाताना तुमच्या विमानतळावर सहा तास थांबायचं, पण बाहेर पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं, चालेल, ताई काठी टेकत येईल, काचेतून बघू एकमेकांकडे. (बोलायचं तरी काय होतं?) ही म्हणाली, आजारी बहिणीला स्वतःला भेटायला बोलावणारा भाऊ मी आजच बघितला. शिवाय तिसऱ्या देशात मला कुणी ओळखत नाही. तोही बेत बारगळला.

एवढ्या खिडक्या कशासाठी धुंडाळल्या ते तुला कळलंच असेल. तू जाताना मी शिवलेला कोट घरी ठेवून दुकानातला तयार कोट घालून गेलीस, आणि मी चारचौघांत तोंडाला येईल ते बोललो. आता सांगतो. बाह्या आखूड झाल्या होत्या. तू घालून आरशासमोर उभी राहिलीस तेव्हाच मला दिसलं. ताईचं माप आपल्याला पाठ आहे या घमेंडीत जन्मात त्या एकाच कोटाला मी जास्तीचं कापड सोडलं नव्हतं, त्यामुळे उसवूनही वाढवता आला नसता. तू एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर भांडता तरी आलं असतं. माझी चूक तू मुकाट्याने झाकलीस, हे मला सहन झालं नाही.

असो. डॉक्टर सांगतील तेवढं चाल, उगाच शहाणपणा करू नकोस. माझं येणं काही जमेलसं दिसत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एक कागद आहे. निमंत्रणपत्राचा नमुना आहे, एजंटाने बळेच पाकिटात कोंबला. वाचलाच पाहिजे असं नाही. अठरा तारखेच्या आत परत आला तर चालतो, असं तो म्हणत होता.

पुन्हा ता. क. माझं नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर सगळं मीच भरलंय, तुला त्रास नको. फक्त ‘अर्जदार आपला कोण लागतो’ हा रकाना तुला तुझ्या हाताने भरावा लागेल. मी खिडकीत विचारून आलो. कोरा ठेवला तर येऊ देत नाहीत.