आईचा काळा चष्मा

डिंभे, रविवार, १२ जानेवारी १९९७

आज आईला घोडेगावच्या शिबिरातून घरी आणलं. आणलं म्हणजे प्रकाशच्या जीपने. मी मागे बसलो होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट, चष्मा फुकट, वर एक साडी. सगळं त्याच्या ट्रस्टकडून. तो पंचायत समितीला उभा राहणार, हे कोणाला कळत नाही? पण बोलतं कोण?

काळा चष्मा त्याने स्वतःच्या हाताने आईला घातला. फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला नाही, म्हणून काढून पुन्हा घातला. दोन्ही वेळा ती हसली.

भात विकलं की तुझा डोळा करू, असं मी तिला दर वर्षी म्हणत आलो. शाळेत प्रकाशला गणितं मीच दाखवायचो. तो पास झाला, मी दहावीला राहिलो.

घरी येताच आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "मत त्यालाच देनार बाई मी. पोटच्या पोरानं केलं नसतं."

मी तिथेच चूल पेटवत होतो.

मताचं वाईट वाटलं का? नाही. तो चष्मा मला घालायचा होता. मीच घालायला हवा होता.

चहा पिताना ती माझ्याकडे बघत राहिली. "लई वाळलास रे. मला दिसतच न्हवतं. प्रकाशला सांगू का, ट्रस्टात कुठंतरी चिकटव म्हनून?"

नको म्हणायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "कधी सांगशील?"