मला कुणी पाडू शकत नाही

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ६.१०
नवी वही, नवा सीझन. सह्याद्री शार्क्सने मला सलग दुसऱ्या वर्षी टीममध्ये घेतलं. (सह्याद्रीत शार्क कुठून आला, हे मालकांना कुणी विचारत नाही.) पावसचा विनीत भुते, रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, जर्सी नंबर २२. फॉर्मवर वय २८ लिहिलं. खरं ३१. पण पहिली तीन वर्षं माणूस नुसता रांगतो, ती कशाला धरायची?
यंदाचं टार्गेट: हजार यार्ड. गेल्या वर्षी २१२ झाले, पण गेल्या वर्षी मी शिकत होतो.
आईला अमेरिकन फुटबॉल पुन्हा एकदा समजावला. बॉल छातीशी धरायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या अंगावर पळत सुटायचं. जेवढं पुढे जाऊ तेवढे यार्ड नावावर. चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत तर बॉल त्यांच्याकडे. म्हणजे आपल्या कबड्डीतली चढाईच, फक्त परत यायचं नाही. आई म्हणाली, परत यायचं नाय म्हंजे काय?
भीती अजिबात नाही. पोटात गडबड आहे, ती कुळथाच्या पिठल्याची.

८ जानेवारी, बुधवार
आनंदाची बातमी. केरू गेला! मिरकरवाड्याचा केरू, आमचा लाइनबॅकर, म्हणजे पळणाऱ्याला आडवा करणारा. एकशे अठरा किलो. पूर्वी बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलायचा. गेल्या वर्षी प्रॅक्टिसमध्ये त्याने मला सात वेळा पाडलं. यंदा त्याला घाट रायनोजने घेतलं. आता प्रॅक्टिस सुखाची.

८ जानेवारी, संध्याकाळी
आत्ता लक्षात आलं. केरू आपल्या टीममध्ये होता तेव्हा हात राखून पाडायचा.
रायनोजशी मॅच २ फेब्रुवारीला. पुन्हा ९ मार्चला.
पिठलं बंद करायचं.

१९ जानेवारी, रविवार
पहिली मॅच. अकरा वेळा बॉल मिळाला. एकूण १४ यार्ड. पेपरात आकडा येतो, त्यामागचा विचार येत नाही. अकरापैकी आठ वेळा मी साइडलाइनच्या बाहेर गेलो. रेषेबाहेर पाऊल पडलं की कुणी अंगाला हात लावत नाही. शरीर जपणं हेही प्रोफेशनल माणसाचं काम.
आमचे कोच दीपक सर रागावले. सर मूळचे संगमेश्वरचे, अमेरिकेत शिकायला गेले आणि डिग्रीबरोबर हा खेळ घेऊन आले. मला म्हणाले, विनीत, साइडलाइन काय तुझी मावशी आहे? सारखा तिच्याकडे जातोस तो?
सगळी टीम हसली. मीही हसलो. माझ्यात खिलाडूवृत्ती आहे.
सुधारित टार्गेट: सहाशे यार्ड.

१ फेब्रुवारी, शनिवार
उद्या केरू. मन शांत. भाट्याच्या वाळूत दहा फेऱ्या मारल्या. बायको, अक्षया, म्हणाली, जेवलास नाहीस. म्हटलं, हलकं शरीर वेगवान. ती नर्स आहे, तिला सगळीकडे पेशंट दिसतात. माझी नाडी बघितली. एकशे चार. बसल्या जागी. खेळाडूचं हृदय मोठं असतं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मोठं असलं तर सावकाश चालतं.
उद्याचा संकल्प: एकदाही बाहेर जायचं नाही. सरळ आत.

२ फेब्रुवारी, रविवार
सरळ आत गेलो.
पुढचं नीट आठवत नाही. हरलो असं कळतं.

३ फेब्रुवारी, सोमवार
अक्षयाच्या मते काल घरी येताना मी तिला चार वेळा विचारलं, कोण जिंकलं. साहजिक आहे. निकाल पटण्यासारखा नव्हता.
व्हिडिओ बघितला. केरू उजवीकडून आला. माझं डोकं आधी त्याच्या खांद्यावर, मग जमिनीवर. मी लगेच उठलो! हे महत्त्वाचं. लगेच उठून ताठ चालत गेलो आणि गोल करून उभ्या असलेल्या पोरांमध्ये खांद्याला खांदा लावून उभा राहिलो.
ती रायनोजची पोरं होती.
डाव ऐकायला गेलो असेन.

४ फेब्रुवारी, मंगळवार
डोकं जड. ऊन वाढलंय. आजपासून नवा संकल्प: रोज बदाम भिजवून खायचे आणि कुणाला काही सांगायचं नाही. सांगितलं तर बसवतील. बसला तो संपला. एकतीस वर्षांच्या रनिंग बॅकला कुणी परत बोलवत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
डोकं जड. ऊन फार. आजपासून नवा संकल्प: रोज बदाम भिजवायचे. कुणाला काही सांगायचं नाही. सांगितलं तर बसवतील.

५ फेब्रुवारी, बुधवार
कालच्या पानावर एकच मजकूर दोनदा. दुसरा मी लिहिलेला नाही.
अक्षर माझं आहे.
स्वयंपाकघरात दोन वाट्यांत बदाम भिजत होते.

९ फेब्रुवारी, रविवार
आज मॅच नाही. सानवीचा अभ्यास घेतला. पहिलीचं पुस्तक. एका चित्रावर बोट ठेवून तिने विचारलं, बाबा, हे काय? मला ते दिसत होतं. पाण्यावर चालतं, त्यात बसतात, लहानपणापासून रोज बघतोय. नाव येईना. म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, होडी. म्हटलं, शाब्बास.
शिकवण्याची ही चांगली पद्धत आहे. मुलांकडून काढून घ्यायचं.
नंतर न्हाणीघरात जाऊन होडी, होडी, होडी असं वीस वेळा म्हटलं. नळ सोडून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
प्रॅक्टिसहून परतताना आपलंच पावस मागे गेलं ते कळलं नाही. पूर्णगडची खाडी दिसली तेव्हा स्कूटर थांबवली. म्हटलं, बरं झालं, बदल झाला. घरी यायला उशीर. अक्षयाला सांगितलं, पेट्रोल संपलं होतं. ती गेली आणि टाकी उघडून बघून आली. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती... लिहिलं ते खोडायचं नाही असा नियम आहे, म्हणून राहू दे. काळजी म्हणायचं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
अक्षयाने दीपक सरांना फोन केला असावा. सरांनी अचानक माझी टेस्ट घेतली. पाच शब्द सांगणार, दहा मिनिटांनी मी ते परत म्हणायचे.
माझी तयारी होती. डाव लिहिलेली पट्टी आम्ही मनगटावर बांधतो. सर पाणी प्यायला वळले तेवढ्यात पाचही शब्द पट्टीवर लिहिले. दहा मिनिटांनी घडाघडा म्हटले. सर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, शंभर टक्के. म्हटलं, सर, मेंदू कोकणातला आहे, रोज मासे.
मोठा विजय. बाहेर आलो आणि स्कूटर कुठे लावली ते आठवेना. मैदानाभोवती दोन फेऱ्या मारल्या. रिक्षाने घरी आलो. रिक्षावाल्याने विचारलं, कुठं सोडू? मी मनगटाकडे बघितलं. तिथे ते पाच शब्द होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार
केरूचा फोन. एवढा मोठा माणूस, फोनवर आवाज बारीक. म्हणाला, विन्या, त्या दिवशी तू उठलास ना, तुझं डोळं माझ्याकडं होतं, पण बघत नव्हतं. आमच्यात येऊन उभा राहिलास. आमची पोरं हसली. मला हसाय आलं नाय.
म्हटलं, डाव ऐकत होतो. म्हणाला, आम्ही काय बोललो सांग.
म्हटलं, ते गुपित आहे.
मग म्हणाला, गेल्या वर्षी त्यालाही एकदा असंच लागलं होतं. महिनाभर बर्फ फोडायच्या मशीनचा आवाज सहन होईना, लांब किनाऱ्यावर जाऊन नुसता रडायचा. कुणाला बोलला नाही. एकशे अठरा किलोचा माणूस रडतो, कुणाला सांगणार? म्हणाला, मेल्या, दीपक सरांना सांग. नायतर मी सांगतो.
स्पष्ट दिसतंय. ९ मार्चच्या आधी मला बाहेर काढायचा डाव आहे. म्हणजे रायनोज मला घाबरतात.
फोन ठेवल्यावर दाराला आतून कडी घातली. राग.

१ मार्च, शनिवार
तब्येत उत्तम. होडी, नांगर, वल्हं, शीड, सगळं एका दमात म्हणतो.
फक्त चार गोष्टी नोंदवून ठेवतो. मिक्सर लागला की मी अंगणात जातो. हेल्मेट घालताना घाम फुटतो. झोपेत पाय झाडतो, असं सानवी म्हणते. आणि काल प्रॅक्टिसला हातात बॉल आला तेव्हा समोर आमचीच पोरं होती, हळू येत होती, हसत होती, आणि मला वाटलं, आता यांनी हात लावला की दिवा जाणार. कायमचा. सानवी पुस्तक पुढे करून विचारेल, हे काय, आणि मी तिच्याकडेच बघून म्हणेन, तूच सांग.
आजपासून दुप्पट व्यायाम.

८ मार्च, शनिवार
सीझनचे आतापर्यंतचे यार्ड ६१. सुधारित टार्गेट: जिंकणं. आकड्यांच्या मागे लागणं हलक्या खेळाडूचं लक्षण.
अक्षया समोर येऊन बसली. म्हणाली, विनीत, मी रोज पेशंट बघते, मला फसवू नकोस. तू खोटं बोललास म्हणून मी रागावले नाही. पण तुला किती भीती वाटते ते तरी सांग. म्हटलं, शून्य. ती म्हणाली, मला फार वाटते. आणि उठून भांडी घासायला गेली. जोरजोरात.
उद्या घरच्या मैदानावर मॅच आहे. दोघी येणार. उद्या दाखवतो.

९ मार्च, रविवार. सकाळी
उद्दिष्ट: सरळ आत. मला कुणी पाडू शकत नाही. मला कुणी पाडू शकत नाही. मला कुणी

९ मार्च, रविवार. संध्याकाळी
जसं झालं तसं लिहितो.
शेवटचं मिनिट. आम्ही चार पॉइंटने मागे. बॉल त्यांच्या रेषेपासून तीन यार्डांवर. तीन यार्ड म्हणजे आमचा ओटा ते तुळस. शेवटचा प्रयत्न. रेषा ओलांडली की सहा पॉइंट, आम्ही जिंकलो. सरांनी मला आत पाठवण्याआधी विचारलं, नक्की ना? मी होय म्हणालो. हेल्मेटचा पट्टा आवळला.
बॉल हातात आला. आमच्या पोरांनी समोरची भिंत फोडली. मधोमध दार उघडावं तसा रस्ता. मी केरूला शोधत होतो. केरू डावीकडे जमिनीवर होता, त्याच्यावर आमचे दोघे. समोर कुणी नव्हतं. कुणीही नव्हतं. नुसतं गवत आणि रेषा.
मी खाली बसलो.
गुडघा टेकवला, बॉल पोटाशी धरला आणि डोकं दोन्ही हातांत लपवलं. शिट्टी वाजली. गुडघा टेकला की खेळ थांबतो, हा नियम मला पाठ आहे. रेषेच्या दोन यार्ड अलीकडे टेकला.
आधी वाटलं, लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. ते जास्त वाईट. मग सानवीचा आवाज आला, बाबाला लागलं?
दीपक सर पळत आले. आता ओरडणार. ते समोर उकिडवे बसले, माझं हेल्मेट काढलं, पाणी दिलं. विचारलं, विनीत, आज वार कोणता? मी लगेच सांगितलं, गुरुवार.
आज रविवार आहे. सकाळी मीच वर लिहिलंय.
सर म्हणाले, चुकलं माझं. तुला आत पाठवायला नको होतं. त्या टेस्टच्या दिवशी तुझ्या मनगटाची शाई मी बघितली होती. रनिंग बॅक दुसरा नव्हता, म्हणून गप्प बसलो.
मग केरू आला आणि माझ्याशेजारी गवतात फतकल मारून बसला. मी दचकून बाजूला सरकलो. तो थोडा लांब सरकला. म्हणाला, बरं केलंस.
म्हटलं, केरू, समोर कुणी नव्हतं रे. म्हणाला, माहीत आहे.
म्हटलं, मला भीती वाटली. म्हणाला, व्हय.
एवढंच. आम्ही तिथे बसून राहिलो, ग्राउंडवाल्याला जाळी गुंडाळायची होती तरी.

१२ मार्च, बुधवार
अक्षयाबरोबर मेंदूच्या डॉक्टरांकडे. मारुती मंदिराजवळ दवाखाना. काही लपवायचं नाही असं ठरवून गेलो, म्हणून तिलाच बोलायला सांगितलं. तिने तारखांसकट सगळं सांगितलं. मी ऐकत होतो. ऐकताना तो माणूस बराच घाबरट वाटला.
डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. हे भरून येतं, पण आणखी एक फटका नको. मग केसपेपर ओढला. व्यवसाय? मी म्हणालो, रनिंग बॅक. अक्षया म्हणाली, होता. डॉक्टरांनी अर्धंच ऐकलं असावं. त्यांनी लिहिलं, व्यवसाय: धावणे. खाली सल्ला लिहिला: धावणे बंद.
बाहेर आलो. रस्ता ओलांडायचा होता. तेवढ्यात हॉर्न ऐकला आणि मी उडी मारून मागे आलो, अक्षयाचा हात घट्ट धरला. दोन्ही हातांनी. ती म्हणाली, कोण येतंय? मी बोट दाखवलं.
स्कूटर होती. अजून साळवी स्टॉपच्या बाजूला, ठिपक्याएवढी. आम्ही ती जाईपर्यंत थांबलो.