वर-खाली पायडलची सायकल

३ नोव्हेंबर
आज बी चिंचेखाली सत्यभामा. जो बाजारात पहिले पोहचन, सावली त्याची, असा कायदा. मी उन्हात, माहे उकडलेले शिंगाडे उन्हात, गिऱ्हाइक सावलीत. ती सायकलवर येते, मी पायी. तिचा गुडघा गोल फिरते, माहा नाही. बाकी काही फरक नाही. उलट मीच लहान दिसते.

५ नोव्हेंबर
माहा भाचा गोपीचंद वरठी गावाले वेल्डिंग करते. त्याले म्हटलं, सायकलले शिलाई मशीनसारखे पायडल लाव. वर-खाली. गुडघा अर्धाच वाकन. तो म्हणे, मावशे, मशीन अडकते तशी हे बी अडकन. म्हटलं, तू लोखंड पाह्य, अक्कल माह्याकडं आहे.

८ नोव्हेंबर, सकाळ
सायकल आली. चालताना लोणी! गुडघा चूप. सून हर्षा म्हणे, आत्याबाई, नाही चालली तं ब्लाऊज शिवून द्या.

संध्याकाळ
एक बारीक गोष्ट. थांबलं का एक पायडल पुरं वर, एक पुरं खाली. कितीबी दाबा, चाक हलत नाही. उतरून ढकलली तं चालते, पण चढेपर्यंत पुन्हा अडकते. मागून कोणी ढकललं का स्टार्ट. हा फॉल्ट नाही. थांबाचंच नाही, बस.

९ नोव्हेंबर
नळावर सर्वायसमोर सत्यभामाले सांगतलं, उद्या चिंच माही. ती हासली. हासू दे, दात तरी किती राहिले.

१० नोव्हेंबर, पहाट
निघून राहिली. हर्षानं ढकललं. तेवढंच तिले पुण्य.

दुपार
अर्ध्या रस्त्यात म्हशी आडव्या. थांबा लागलं. म्हशी गेल्या, मी तिथंच. मागून सत्यभामा घंटी वाजवत आली. काहून थांबली म्हणे. म्हटलं, हवा खाऊन राहिली. खा म्हणे, अन् पुढं गेली. मंग वापस आली. म्हणे, बुढे, पोट भरलं का, ढकलू? म्हटलं, तुलेच हौस असन तं ढकल.
तिनं असा जोर लावला का मी तिच्या पहिले बाजारात! चिंच माही! शिंगाडे खतम. सिस्टम पास. तिनं ढकललं, हे कोणाले सांगाची गरज नाही.

संध्याकाळ
बाजार उठला. सायकल चिंचेखाली अडकलेली. जो तो आपलं टोपलं उचलून गेला. राहिली एक सत्यभामा. म्हणे, ढकलते न बाई, पण चिंच माही. आजच्यापुरती नाही, नेहमीसाठी.
देऊन टाकली. चिंचेचा पाला लय पडते टोपल्यात.

१७ नोव्हेंबर
पायी गेली, उन्हात बसली. ऊन हाडाले चांगलं. सायकल तं एक नंबर आहे, म्हशीच बह्याड, अक्कल नाही त्यायले.
घरी आली तं सायकलच्या सीटवर ब्लाऊजचं कापड ठेवलेलं. संग मापाले हर्षाचा जुना ब्लाऊज.