माझी खुंटी भाचीच्या हाती

मी, गावात जिला ऐरणबाई म्हणतात ती, धंदा लोहारकाम, दवाखान्याच्या खाटेवरून हे मृत्युपत्र सांगते आहे आणि शाळेचे मास्तर लिहून घेत आहेत. पोटात रक्त साठलं आहे, पण डोकं जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालायला आले होते, त्यांची हकिकत पुढे येईल. मास्तर विचारतात, "भाषा जरा सौम्य करू का?" मुळीच नाही.

आमचं शिवार सामायिक आहे. प्रत्येक खातेदाराची एक लोखंडी खुंटी सभेच्या ओट्यासमोर ठोकलेली असते. सगळ्यांनी आपापल्या हाताने खुंट्या उपटल्या तरच जमीन बाहेरच्याला देता येते. एक जरी उभी राहिली तरी सौदा मोडला, मग ज्याने त्याने आपली पुन्हा ठोकायची. खातेदार मेला की खुंटी त्याने नेमलेल्या माणसाकडे जाते. कोणाला नेमलं नसेल तर जवळच्या रक्ताकडे. मला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला. माझं जवळचं रक्त म्हणजे धाकटा भाऊ, आणि तो आमची जमीन मागायला आलेल्या कंपनीच्या खिशात आहे. म्हणून हा कागद.

कंपनीचं म्हणणं असं की चाळीस वर्षं इथे नांगर लावायचा नाही, झाडं वाढू द्यायची. झाडं धूर खातात, आणि त्या खाल्लेल्या धुराच्या पावत्या लांबच्या कारखान्यांना विकायच्या. म्हणजे धूर त्यांनी करायचा आणि जेवण आम्ही सोडायचं! अहो, बांधावरची झाडं आम्हीच लावली, चर आम्ही पाळीपाळीने खणले, बंधाऱ्याचे दगड आमच्या बायांनी डोक्यावरून वाहिले. माती राखायला आम्हाला कोणाची पावती लागली नाही.

नाही म्हणणाऱ्या दोघांचे गोठे जळाले, बांधलेल्या गाईंसकट. त्यानंतरच्या सभेत एकेक खुंटी निघाली. माझी राहिली. कंपनीच्या माणसाने, आम्ही त्याला हवावाला म्हणतो, माझी मूठ खुंटीभोवती आवळली. "ओढ म्हातारे!" खुंटीवर हात माझा असला की झालं, असा त्या दीडशहाण्याचा समज. मी ओढली नाही. त्याने पहारीने माझ्या मनगटावर घाव घातले. हाड मोडल्याचा आवाज ओट्यावरच्या सगळ्यांनी ऐकला, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. माझा भाऊ माझ्या पाठीवर गुडघा रोवून बसला होता. मग मला उताणी पाडून पोटात लाथा घातल्या. डाव्या हाताने कमरेचा हातोडा काढून मी हवावाल्याच्या जबड्यावर हाणला. भावाच्या लेकीने हवावाल्याचा कान दातात धरला, तो सोडवायला तिघे लागले. शाब्बास गं पोरी.

आता वाटणी.

घर आणि अंगण सभेला. तिथे बियाणं साठवावं. पोस्टातली शिल्लक बंधाऱ्याच्या डागडुजीला लावावी, माझ्या दिवसकार्यावर उधळू नये.

ऐरण, भाता, घण, सांडश्या भाचीला. घण जड आहे, खांदा सांभाळून.

हवावाल्याचे दोन दात डॉक्टरीणबाईंकडे कापसात ठेवले आहेत. ते त्याला परत करावेत. परक्याचा माल मी ठेवत नाही.

ओट्यावर गप्प बसलेल्यांना मी माफ करत नाही. पण तुमच्या खुंट्या मीच घडवल्यात, त्या पुन्हा ठोका. टोकं बोथट झाली असतील तर भाची फुकट धार लावून देईल.

भाऊ काल संत्री घेऊन आला होता. "ताई, हट्ट सोड गं. मोठ्या दवाखान्यात नेतो तुला." म्हटलं, "आधी पँट बदलून ये, गुडघ्याला माझं रक्त आहे." संत्री मी शेजारच्या खाटेवर दिली.

माझी खुंटी आणि तिच्याबरोबरचा नकार मी भाचीच्या नावे करते आहे. तिला विचारूनच. ती म्हणाली, "आत्या, बाबांनी हात उगारला तर?" मी म्हटलं, "सांडशी तापवून ठेव." ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

तेव्हा भावा, नीट ऐक. मी मेले तरी सौदा होत नाही. सौदा हवा असेल तर आता तुझ्या लेकीचं मनगट मोडावं लागेल. तिच्या पाठीवर गुडघा तूच ठेव, परक्याला ठेवू देऊ नकोस. आणि खालून तिने "बाबा" म्हणून हाक मारली, तर ओ दे.

लिहून देणार: ऐरणबाई. डाव्या अंगठ्याचा ठसा. उजवा हात प्लास्टरमध्ये.
साक्षीदार: डॉक्टरीणबाई. ऐरणबाई शुद्धीवर आहेत, हे मी तपासलं आहे.
साक्षीदार: मास्तर. सांगितलं तसंच लिहिलं.
मान्य: भाची.
ठिकाण: दवाखाना, बायकांची खोली. सोमवार, पेरणी तोंडावर.