पान एक्केचाळीस : सुटलेल्या दोन शब्दांबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
भीमा-घोड ग्रामवाचनालय सहकारी संघ,
दौंड, जि. पुणे.

अर्जदार : राजश्री संपत गव्हाणे, संपादन व प्रसार साहाय्यक, प्रकाशन विभाग, रा. तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर.

विषय : 'कपाट ते वाचक' या ग्रंथपालांसाठीच्या हातपुस्तकात पृष्ठ ४१ वर 'सावलीत वाळवलेला' हे दोन शब्द पुन्हा घालू देण्याबाबत, आणि झालेली चूक अर्जदाराच्या नावे नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) संघाची नोटीस, दि. २२ सप्टेंबर २०२५. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, उत्तर नाही.

महोदय,

१. संघाच्या पुस्तकांवर विनापरवाना लेखन केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा, असे नोटिशीत म्हटले आहे. खुलासा एका ओळीचा आहे. होय, त्रेपन्न वाचनालयांतल्या प्रतींवर निळ्या पेनाने लिहिले ते अर्जदारानेच. मुदत टळली याबद्दल क्षमा असावी. खुलासा लिहायला बसले की अर्जदाराच्या जिवाला स्वस्थता नसे. अजून एक गाव राहिले आहे हे आठवे, आणि ती कागद तसाच टाकून जीप धरायला जाई. हे का घडले ते पुढे सांगितले आहे. मजकूर लांबला तरी कृपया शेवटपर्यंत वाचावा.

२. संघाच्या शहाऐंशी वाचनालयांत बहुतेक ग्रंथपाल गावातलेच. कुणी दूध घालून येतात आणि कुलूप उघडतात, कुणी शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या उपयोगाचे, त्यांना त्यांच्या बोलीत कळेल असे पुस्तक नव्हते. निमोणे येथील वच्छलाबाई काळे यांनी एकतीस वर्षे गावचे वाचनालय सांभाळले. सातवी शिकलेल्या या बाईंनी पुस्तकांना कव्हर कसे घालावे, फाटलेले पान कशाने चिकटवावे, न परतणाऱ्या वाचकाच्या दारात जाऊन काय बोलावे, हे सगळे पाच वह्यांत लिहून ठेवले होते. त्या वह्यांचे पुस्तक करण्याचे काम अर्जदाराकडे आले. चौदा महिने तिने ते जीव लावून केले.

३. छपाईला जाण्याच्या आदल्या दुपारी पान एक्केचाळीसवरची एक ओळ उतू जाऊन बेचाळीसच्या माथ्यावर एकटी पडली. त्यामुळे तिथले कपाटाचे चित्र खाली सरकत होते. छापखान्यातून फोनवर फोन येत होते. वच्छलाबाईंचे वाक्य असे होते : "कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला फडक्यात बांधून पुस्तकांच्या मागे ठेवावा." अर्जदाराने विचार केला, पाला म्हटले की वाळलेलाच असणार, हे गावच्या माणसाला काय सांगायचे? तिने 'सावलीत वाळवलेला' हे शब्द काढले. ओळ वर गेली, चित्र जागेवर बसले, पान देखणे झाले. त्या दिवशी अर्जदार स्वतःवर खूश होती, हेही नमूद करते.

४. जानेवारीत पुस्तक निघाले. प्रसाराचे कामही अर्जदाराकडेच होते. पिशवीत प्रती घालून ती तळेगावच्या आठवडे बाजारापासून दौंडच्या पलीकडच्या गावांपर्यंत फिरली. बैठकीत ग्रंथपाल सगळ्यात आधी कसर आणि वाळवीबद्दलच विचारत. म्हणून अर्जदार प्रत्येक ठिकाणी पान एक्केचाळीसच उघडून वाचून दाखवी आणि वर स्वतःचे वाक्य जोडी : "पाला ठेवा, कपाट लावून घ्या, निर्धास्त व्हा." म्हणजे चूक नुसती शाईने झालेली नाही. ती अर्जदाराच्या तोंडून गावोगाव गेली आहे.

५. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अर्जदार वडगाव रासाईला गेली. पुस्तकाचा उपयोग कसा झाला, याचे चार चांगले शब्द लिहून आणावेत, एवढाच हेतू होता. तेथील ग्रंथपाल ज्ञानू आप्पा कोळपे वाचनालयाच्या ओट्यावर बसले होते. त्यांच्यापुढे गोणपाटावर पुस्तके उघडी पसरलेली होती. पाने एकमेकांना चिकटलेली, त्यांवर हिरवी-काळी बुरशी. नदीकाठचे गाव, हवेत आधीच ओल. त्यात आप्पांनी मे महिन्याच्या अखेरीस झाडावरून ताजा पाला ओरबाडून दोन्ही कपाटांत ठासून भरला होता आणि सांगितल्याप्रमाणे दारे लावून घेतली होती. तीनशे बारा पुस्तके गेली. गावातल्या लेकी सासरी जाताना एकेक पुस्तक वाचनालयाला देऊन जात, पहिल्या पानावर आपले नाव लिहून. ती सगळी त्याच कपाटात होती.

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर अर्जदाराला सोपे गेले असते. ते एवढेच म्हणाले, "आमी काय शिकल्यालं न्हाई. म्हंलं, निमोण्याच्या वच्छलाबाईंनी लिवलंय, म्हंजी खरंच आसल. आता त्या बाईला तरी काय म्हनायचं? वय झालं आसल तिचं."

अर्जदाराने तेव्हाच तोंड उघडायला हवे होते. ती उघडू शकली नाही. "बघते," म्हणून उठली आणि जीप येईपर्यंत फाट्यावर येरझाऱ्या घालत राहिली.

६. त्यानंतर अर्जदाराने आपणाकडे तीन अर्ज केले. लेखी उत्तर आले नाही. तोंडी उत्तरे आली, ती अशी. पहिल्या वेळी : पुस्तक निर्दोष असल्याचा मुद्रितशोधन समितीचा दाखला जोडलेला आहे, सबब पुस्तकात चूक असू शकत नाही. दुसऱ्या वेळी : शुद्धिपत्र छापायचे तर चूक झाल्याचा समितीचा ठराव लागेल, आणि समिती काम संपल्यामुळे जानेवारीतच बरखास्त झाली आहे. तिसऱ्या वेळी : पुस्तक उत्कृष्ट व्यावसायिक पुस्तकाच्या पुरस्कारासाठी पाठवले आहे, निकाल लागेपर्यंत गप्प बसावे. यादरम्यान दोन वाचनालयांच्या तक्रारी आल्या. त्यांचा निपटारा मात्र आठ दिवसांत झाला. १४ व १५ ऑक्टोबरच्या दौंड येथील ग्रंथपाल प्रशिक्षणातून मार्गदर्शक म्हणून असलेले वच्छलाबाईंचे नाव वगळण्यात आले. शेरा : 'वयोमानामुळे माहिती विश्वासार्ह नाही.'

तो शेरा वाचल्यावर अर्जदार घरी गेली नाही. ती तशीच उलट्या दिशेची एस.टी. धरून पहिल्या वाचनालयात गेली, पान एक्केचाळीस उघडले आणि दोन शब्द लिहिले. नंतर तिला थांबताच आले नाही. रजा संपल्या, तेव्हा ती बिनपगारी फिरली. सोळा गावांत कपाटे उघडून ओला पाला तिने स्वतःच्या हाताने बाहेर काढला. काही ठिकाणी पुस्तके वाचली, काही ठिकाणी नाही.

७. बावन्न गावे झाली तरी ती निमोण्याला गेली नव्हती. अखेर २८ सप्टेंबरला गेली. वच्छलाबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. अर्जदाराने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. बाई हात झटकून आत गेल्या, चष्मा आणि पुस्तक घेऊन आल्या, ते पान दोनदा वाचले.

"मला वाटलं, मीच इसरले," त्या म्हणाल्या. "दोन महिने झालं, लोक मला तुमी ताजा पाला ठेवायला सांगितला म्हणत्यात. वह्या तुमच्याकडं. मी म्हंलं, गेलं आपलं डोकं. सुनंला सुदिक बोलले न्हाई. वाचनालयात जायचं बंद केलं."

अर्जदार रडू लागली, तेव्हा बाईंनी तिला पाणी दिले आणि विचारले, "बाकीची पानं नीट तपासली का?"

मग अर्जदाराने सोबत आणलेल्या वह्या आणि पुस्तक शेजारी ठेवून दोघी दोन दिवस बसल्या. एकशे अडुसष्ट पानांत अर्जदाराची दुसरी चूक निघाली नाही. वच्छलाबाईंची मात्र एक निघाली. पृष्ठ १०३ वर चिकटवण्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद किती घालावे, ते प्रमाण त्यांनी वहीतच दुप्पट लिहिले होते. अर्जदार म्हणाली, हे कुणाच्या लक्षात आलेले नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "लक्षात आलं न्हाई म्हंजी चुकलं न्हाई व्हय? लिवा. वच्छलाबाईची चूक म्हणून लिवा."

म्हणून लिहिले आहे. तिसऱ्या दिवशी बाई अर्जदारासोबत जीपने वडगाव रासाईला आल्या. ज्ञानू आप्पांना खरी हकिगत या वेळी अर्जदाराने स्वतः सांगितली. आप्पा वच्छलाबाईंना म्हणाले, "ताई, मी तुमाला म्हातारी म्हंलो हुतो." बाई म्हणाल्या, "ती तर मी हायच. चला, कपाट दाखवा." तिघांनी मिळून सत्तेचाळीस पुस्तके वाचण्याजोगी केली. बाकीची होण्यासारखी नव्हती.

८. सबब विनंती अशी :

(अ) पृष्ठ ४१ व १०३ चे शुद्धिपत्र काढावे, त्यावर ज्याची चूक त्याचे नाव छापावे.

(आ) गोदामातल्या एकशे चाळीस प्रती दुरुस्तीशिवाय बाहेर जाऊ देऊ नयेत.

(इ) वच्छलाबाईंबाबतचा शेरा रद्द करून त्यांना प्रशिक्षणास सन्मानाने बोलवावे. प्रवासाची तजवीज ज्ञानू आप्पा करणार आहेत, संघास तोशीस पडणार नाही.

(ई) पुरस्कारासाठी पाठवलेली प्रत परत मागवावी. हे अर्जदारालाही सोपे नाही; तिच्या नावावरचे ते पहिलेच पुस्तक आहे.

(उ) अर्जदारावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी. तिने खाडाखोड केलेली नाही, भर घातली आहे, तरीही शिक्षेला तिची ना नाही.

चुकीसह आपल्याच संघाची,

राजश्री संपत गव्हाणे
तळेगाव ढमढेरे, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) वच्छलाबाईंच्या तिसऱ्या वहीतील संबंधित पानाची छायाप्रत. २) त्रेपन्न वाचनालयांची यादी, ग्रंथपालांच्या सह्यांसह. ३) ज्ञानू आप्पा कोळपे यांचे पत्र, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले, खाली सही.

प्रत रवाना : संघाची सर्व शहाऐंशी ग्रामवाचनालये, दर्शनी फलकावर लावण्यासाठी. उरलेल्या तेहतीस गावांत हा कागद जो कोणी आधी वाचेल, त्याने ग्रंथपालाला बोलवून कपाट उघडावे आणि ओला पाला आजच बाहेर काढावा. अर्ज मंजूर होण्याची वाट पाहू नये.